बालाघाटालाच विचारा, सायकल कोणती!

सायकल घ्यायला दुकानात गेलं, की पहिला प्रश्न कोणता येतो, सांगा पाहू? ‘किती गिअरची दाखवू?’ दुसरा प्रश्न, ‘शॉकअप नुसता पुढे हवा, की मागेपण?’ आणि तिसरा, ‘रंग कोणता?’ पण ‘ही सायकल तुम्ही कुठे चालवणार?’ हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. खरं तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच!

म्हणून आज आपण एक गंमत करू या. एक शर्यत आखू या. अगदी मनातल्या मनात. शर्यत बीड जिल्ह्यातली, चार दिवसांची, आणि अट अशी, की डांबरी रस्ता होईल तितका टाळायचा. गाडवाटा, पाणंदी, शिवरस्ते, मुरमाची माळरानं आणि काळ्या रानातली ढेकळं एवढ्यावरूनच जायचं. या शर्यतीला सायकल कोणती न्यायची, ते दुकानदाराला नाही विचारायचं. वाटेतल्या जमिनीला विचारायचं. ती बरोबर उत्तर देते, बघा!

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय?

एका दमात संपणारी शर्यत तुम्ही पाहिली असेल. शिट्टी वाजली, पळाले, संपलं. टप्प्यांच्या शर्यतीचं तसं नसतं. रोज एक टप्पा, रोज एक मुक्काम, आणि सगळ्या दिवसांच्या वेळांची बेरीज करून निकाल. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही हं. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, ती याच बीड जिल्ह्यातून, परळी-अंबाजोगाईवरून जाते. मजल-दरमजल करत. पहिल्या दिवशी धावत सुटलेला वारकरी तुम्ही कधी ऐकलाय? ज्याला शेवटच्या मुक्कामाला पोचायचंय, तो पायातल्या वहाणेपासून विचार करतो.

डोंगराळ, कच्च्या वाटांवरच्या अशा सायकल शर्यती जगात होतात. दक्षिण आफ्रिकेतली ‘केप एपिक’ २००४ साली सुरू झाली. तिथे आठ दिवस जोडीजोडीने सायकल चालवायची असते, आणि जोडीदारांना एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा लांब जाता येत नाही. म्हणजे एकाची चेन तुटली, की दोघंही थांबले! आपल्या देशात हिमाचल प्रदेशात ‘एमटीबी हिमालया’ नावाची बहुदिवसीय शर्यत २००५ पासून घेतली जाऊ लागली. ‘एमटीबी’ म्हणजे माउंटन बाइक. आपण बोलताना जिला ‘रेंजर’ म्हणतो ना, त्याच घराण्यातली, जाड टायरची सायकल.

मराठी माणसंही यात मागे नाहीत बरं का. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांत मिळून पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ मध्ये रशियात मॉस्कोपासून व्लादिव्होस्तोकपर्यंतची पंधरा टप्प्यांची, नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यत पुरी केली. या दोन्ही शर्यती डांबरी रस्त्यावरच्या. पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच. बहुदिवसीय शर्यतीत सगळ्यात वेगवान सायकल लागत नाही, शेवटच्या दिवशीही धड चालणारी सायकल लागते.

चला तर मग, बालाघाटात.

पहिला टप्पा : सौताडा ते कपिलधार. काट्यांचं राज्य

बीड जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवा. उत्तरेला गोदावरी. तिच्या काठचा सपाट, काळ्या मातीचा पट्टा म्हणजे गंगथडी. तिथून दक्षिणेकडे सरकलं, की जमीन उचलली जाते आणि बालाघाटाचं पठार लागतं. आपली शर्यत पठाराच्या पश्चिम टोकाला, पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला सुरू होते. पावसाळ्यात इथे विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत उडी घेते. दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे.

इथली एक मजेदार गोष्ट. विंचरणेचं पाणी सीनेला मिळतं, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. पण याच पाटोदा तालुक्यात मांजरा नदी उगम पावते आणि तिचं पाणी जातं गोदावरीला! एकाच तालुक्यात पडलेले पावसाचे दोन थेंब. एक कृष्णेच्या घरी, एक गोदावरीच्या. सायकल चालवताना हा चढ-उतार पायांना बरोबर कळतो.

वाटेवर माळरान आहे. पायाखाली मुरूम. लाव्हारसाचे थर थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा खडक तयार झाला, तोच झिजून, कुजून हा मुरूम झाला. याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली झालेलं. सकाळी लवकर निघालात तर मोराची केका ऐकू येईल. पण नजर मात्र वाटेवरच ठेवा. कारण इथे बाभूळ आहे, बोर आहे, हिवर आहे आणि सगळ्यांचा राजा सराटा आहे!

सराटा तुम्ही पाहिलाच असेल. जमिनीला बिलगून पसरणारं पिवळ्या फुलांचं छोटंसं रोप, त्यालाच गोखरूही म्हणतात. त्याचं फळ कसंही पडो, एक काटा वर उभा राहतोच. अमेरिकेतही हे तण पसरलंय आणि तिथल्या लोकांनी त्याला ठेवलेल्या नावाचा अर्थच ‘पंक्चरची वेल’ असा आहे!

म्हणजे पहिल्या टप्प्याने आपल्याला सांगितलं, की बाबांनो, आधी टायर बघा. कच्च्या वाटेला टायर दोन इंच किंवा थोडा जास्त रुंद हवा. त्यावरच्या गुट्ट्या मधोमध जवळजवळ आणि कडेला जरा उंच असल्या, तर सपाटीवर पळतोही आणि मुरमावर घसरतही नाही. काट्यांवर तीन उपाय आहेत. एक, टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची जाड पट्टी. दोन, ट्यूबमध्ये ओतायचं चिकट द्रव. काटा निघाला, की ते भोकात जाऊन घट्ट बसतं. तीन, ट्यूब नसलेला टायर, ज्याच्या आत असंच द्रव असतं. मोठ्या शर्यतींतले सायकलपटू तिसरा उपाय करतात. पण त्याला खास रिम आणि व्हॉल्व्ह लागतो. तुमच्या-आमच्या सायकलीला पट्टी आणि द्रव पुरे.

हवा किती भरायची? दगडासारखी टणक नको. टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो आणि हात भरून येतात. अगदी मऊही नको. मऊ टायर दगडावर आपटला, की ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर टायर किंचित दबला, की समजा जमलं. टायरच्या कडेला हवेची मर्यादा छापलेली असते, ती मात्र कधी ओलांडायची नाही.

दुसरा टप्पा : कपिलधार ते धारूर. चढ, उतार, पुन्हा चढ

पहिला मुक्काम कपिलधारला. मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. जवळच मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर महामार्ग आहे. तो आपण फक्त ओलांडायचा. सायकलवरून उतरून, दोन्हीकडे बघून! मग नेकनूर, केज या बाजूने पूर्वेला धारूरकडे.

हा टप्पा वरून सपाट वाटतो, पण फसू नका. ओढा आला की उतार, ओढा ओलांडला की चढ. दिवसभरात असे कितीतरी. इथे गिअरची परीक्षा होते.

आता जरा हिशेब करू. आजोबांच्या काळ्या सायकलीला पुढे साधारण ४४ दात्यांचं चक्र असतं आणि मागे १८ दात्यांचं. पॅडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे जवळजवळ अडीच फेरे. एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला झकास! पण मुरमाच्या चढावर एका फेऱ्यात साडेपाच मीटर चढायचं म्हणजे मांड्या भरून येणार. डोंगरी सायकलीत पुढे २२ आणि मागे ३४ दाते अशी जोडी लावता येते. मग एका फेऱ्यात ती जेमतेम सव्वा-दीड मीटर जाते. कमी जाते, पण बसल्या जागी चढते.

म्हणून दुकानात ‘किती गिअर?’ असं विचारण्यापेक्षा ‘सगळ्यात हलका गिअर कोणता?’ असं विचारा. पुढे तीन आणि मागे सात चक्रं असली, की जाहिरातीत २१ गिअर लिहितात. त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच असतात. आजकालच्या शर्यतीच्या सायकलींना पुढे एकच चक्र आणि मागे बारा असतात. म्हणजे गिअर फक्त बारा, आणि तरीही चढ सोपा! मागच्या चक्राचे दाते मोजा. पुढच्या सगळ्यात लहान चक्राइतके किंवा त्याहून जास्त दाते मागच्या मोठ्या चक्राला असले, की घाटाला भ्यायचं कारण नाही.

आता शॉकअप. पुढच्या चिमट्यात चांगला शॉकअप असेल, तर चार दिवसांच्या हादऱ्यांतून मनगटं वाचतात, हे खरं. केप एपिकला येणारे नामांकित स्पर्धक तर पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकली वापरतात. पण त्या वजनाने हलक्या, किमतीने भारी, आणि त्यांची निगा राखायला सोबत मिस्त्री असतात. स्वस्त सायकलीचा मागचा शॉकअप म्हणजे बऱ्याचदा नुसती जाड स्प्रिंग. पॅडल मारलं, की सायकल पुढे जायच्या आधी खाली-वर डुलते. तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते आणि शिवाय दोन-अडीच किलोचं ओझं वाढतं. तेव्हा पैसे बेताचे असतील तर मागचा शॉकअप नकोच. पुढचाही अगदी हलक्या प्रतीचा असेल, तर त्यापेक्षा साधा सरळ चिमटा आणि जाड टायर बरा. जाड टायरातली हवा हाच गरिबाचा शॉकअप!

तिसरा टप्पा : धारूर ते माजलगाव. ब्रेक लागला पाहिजे

धारूरला किल्ला आहे, सोळाव्या शतकातला, आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला. ऑक्टोबरच्या सुमारास आलात, तर इथे सीताफळांची चंगळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. खडकाळ, कमी पाण्याच्या रानात इतकं गोड फळ कसं पिकतं, याचं नवल करत करत आपण घाटाच्या तोंडाशी येतो. इथे पठार संपतं. समोर खाली तेलगाव, माजलगावकडचा सखल मुलूख.

उतारावर सायकल चालवणं सोपं, असं ज्याला वाटतं त्याने एक गोष्ट ऐकावी. डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात झाला. तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जड सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली पिटाळायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी अशा उतारावर पहिली शर्यत घेतली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसात असायचा. उतरताना तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि दर खेपेला ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. त्या शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’! याच मंडळींतल्या जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांनी पुढे नव्या सायकली घडवल्या. वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलची शर्यत दाखल झाली.

तर ब्रेक. रिमला रबर घासून लागणारा ब्रेक स्वस्त, हलका आणि कुठल्याही दुकानात दुरुस्त होणारा. पण चिखल किंवा मुरमाची पूड लागली, की तो घसरतो आणि रिम खातो. डिस्क ब्रेक चाकाच्या मधोमध, चिखलापासून लांब. त्यातही दोन प्रकार. एक वायरने ओढला जाणारा, दुसरा तेलाच्या दाबावर चालणारा. तेलाचा जास्त ताकदीचा, दोन बोटांनी लागतो. पण तेल गळलं, हवा शिरली, तर त्याची दुरुस्ती करणारा आडगावात कुठे शोधायचा? वायर तुटली तर ती खिशातल्या वायरने दहा मिनिटांत बदलता येते. आपल्या शर्यतीला वायरचा डिस्क ब्रेक सगळ्यात सोयीचा. उतरल्यावर त्या पत्र्याला हात लावू नका हं, चांगलाच चटका बसतो!

आणि हो, धारूरचा घाट वाहनांचा आहे. तिथे शर्यत नाही. उतरायचं, कडेने चालत जायचं. टप्प्यांच्या शर्यतीत हातपाय शाबूत ठेवणारालाच पुढचा टप्पा मिळतो.

या बाजूला दिवाळीच्या सुमारास आलात, तर एक दृश्य दिसेल. गावागावांतून ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं निघालेली. भांडी, अंथरूण-पांघरूण, शेळ्या, कोंबड्या, लहान मुलं, आणि कोयते. ही ऊसतोड कामगारांची कुटुंबं. कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत ती परमुलखात राहतात. काही मुलं आई-बापाबरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. काही गावात हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात. शाळा दुसऱ्या गावी असेल, तर अशा घरातली सायकल ही खेळायची वस्तू नसते. ती बंद पडली, की शाळा बंद पडते. आपण मनातली शर्यत खेळतोय. काही मुलं ही शर्यत रोज खेळतात, आणि तिला शेवटचा टप्पा परीक्षेच्या दिवशीच येतो. म्हणून सायकल घेताना ‘दुरुस्त कुठे होईल?’ हा प्रश्न मागाहूनचा नाही. तो पहिल्या दोघा-तिघांत यायला हवा.

चौथा टप्पा : माजलगाव ते पुरुषोत्तमपुरी. काळी माती म्हणते, ‘थांब जरा!’

माजलगावला सिंदफणा नदीवर मोठं धरण आहे. तिथून आपण गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरीला जायचं. अधिक महिन्यात इथल्या पुरुषोत्तमाच्या देवळात लोटालोट गर्दी होते. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा ताम्रपट याच गावात सापडला. सातशे वर्षांपूर्वीचं हे गाव आपली शेवटची रेघ!

अंतर कमी, चढ नाही, कपाशी आणि उसाची रानं. सगळ्यात सोपा टप्पा, असं वाटलं ना? पण आदल्या रात्री एक सर पडू द्या. काळ्या मातीत एक खास चिकणमाती असते. पाणी लागलं, की ती फुगते. वाळली, की आक्रसते आणि जमिनीला भेगा पडतात. भिजलेल्या पाणंदीत सायकल घातली, की टायरला मातीचा थर बसतो, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. शंभर पावलांत चाक चिमट्यात अडकून बसतं. मडगार्ड असेल, तर त्याहून आधी! मग वाटेत कितीही महाग गिअर असू दे, सायकल तुमच्या खांद्यावर.

म्हणून चौथा टप्पा सांगतो, की टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोट सहज जाईल इतकी मोकळी जागा ठेवा. हव्याशा वाटणाऱ्या अतिजाड टायरचा मोह इथे नडतो. मडगार्ड रोजच्या शाळेला हवंच. शर्यतीला ते काढता यावं. आणि सायकल उचलता येईल इतकीच जड असावी. दुकानात ती एका हाताने मधल्या दांड्याला धरून उचलून बघा. बालाघाटाची ही शेवटची परीक्षा.

चाक २६ चं, २७.५ चं की २९ चं?

हे इंच लोकांना फार गोंधळात टाकतात. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ‘५०-५५९’ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे २६ चं डोंगरी चाक, ५८४ म्हणजे २७.५ चं आणि ६२२ म्हणजे २९ चं. आता आजोबांच्या सायकलीचा २८ चा टायर बघा. तिथे लिहिलेलं असतं ६३५! म्हणजे नव्या २९ पेक्षा जुन्या २८ ची रिम मोठी. आहे की नाही गंमत?

मोठं चाक खड्ड्यावरून, दगडावरून सहज ओलांडून जातं. लहान चाक चटकन वळतं आणि बुटक्या मुलांना झेपतं. पण खेड्यातल्या दुकानात २६ ची ट्यूब मिळण्याचा संभव अजूनही जास्त. उंची पाच फुटांच्या आत असेल, तर २९ च्या मागे लागू नका.

फ्रेमचंही तसंच. अॅल्युमिनियमची फ्रेम हलकी आणि गंजत नाही, पण चिरली तर खास प्रकारचं वेल्डिंग लागतं. लोखंडी फ्रेम जड, पण नांगर आणि ट्रॉल्या जोडणारा गावचा वेल्डर तिला सांधून देऊ शकतो. कार्बनची फ्रेम सगळ्यात हलकी आणि महाग. तिचं नाव फक्त माहिती म्हणून!

आई-बाबा, हा भाग तुमच्यासाठी

वाढत्या अंगाचा सदरा शिवतात, तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नये. सदरा ढगळ झाला तर मुलं हसतील. सायकल मोठी झाली तर मूल पडेल. मूल दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं, की मधला दांडा आणि अंग यांच्यात निदान दोन इंच मोकळे हवेत. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली, की पाय सरळ व्हावा. ब्रेकच्या दांडीपर्यंत मुलाची बोटं पोचतात का, हे मुद्दाम बघा.

पैसे किती घालायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवलेल्या रकमेतून हेल्मेट, पंप आणि पंक्चरच्या साहित्याचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात सायकल बसवा. बीडसारख्या जिल्ह्यात पाऊस दर वर्षी शब्द पाळतोच असं नाही, आणि घरातला पैसा पावसाबरोबर येतो-जातो. स्प्रिंगा आणि स्टिकर यांवर गेलेले पैसे तीन महिन्यांत भिंतीला टेकून उभे राहतात. चांगला टायर, नीट ताणलेले स्पोक आणि खात्रीचा ब्रेक यांवर गेलेले पैसे कित्येक वर्षं पळतात.

पिशवीत काय काय?

एक जादा ट्यूब, ठिगळं आणि सोल्यूशन, घासायला पॉलिश पेपर, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, पान्यांचा संच, ब्रेकची एक वायर, चेन जोडायची एक कडी, तेलाची कुपी आणि एक चिंधी. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटांनी हळूच चाचपा. सराटा आतच बसलेला असतो, नव्या ट्यूबची वाट बघत!

पाणी मात्र भरपूर. तासाला निदान अर्धा लिटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा हा बेत नकोच. कुणाच्या पिकातून सायकल घालायची नाही. बांधावरून जायचं तर विचारून जायचं. आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय निघायचं नाही.

आता तुमची पाळी. येत्या रविवारी आपली सायकल अंगणात घ्या. मागच्या चाकाजवळ खडूने रेघ मारा, पॅडलचा बरोबर एक फेरा होईपर्यंत सायकल हाताने मागे ढकला आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर मोजा. मग पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दाते मोजा, टायरच्या कडेचा आकडा वाचा, टायर आणि मडगार्डमध्ये बोट जातंय का ते बघा. हे सगळं वहीत लिहा. शेजारीच तुमच्या शाळेच्या वाटेवर काय काय लागतं तेही लिहा. मुरूम, काळी माती, चढ, काटे, ओढा, डांबर. दोन्ही याद्या एकमेकींना जुळतात का? जुळत असतील, तर तुमच्या सायकलीला तेलाचे दोन थेंब बक्षीस द्या. नसतील, तर नवी सायकल मागण्याआधी नुसता टायर बदलून भागतंय का, ते मिस्त्रीकाकांना विचारा. बऱ्याचदा भागतं!